आईचा उजवा हात

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. मी एक जुना स्कॅनर. जुन्या वस्तूने गोड बोलावं, आठवणी सांगाव्यात, अशी तुमची अपेक्षा असते. आज ते जमणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझी काच मऊ फडक्याने पुसली आणि मला खोक्यात घातलं. पुढे मी एका छापखान्यात कामाला लागलो. नकाशे, फोटो, पुस्तकांची मुखपृष्ठं, समोर येईल ते मी जसंच्या तसं उचलायचो. ‘याच्या नजरेतून काही सुटत नाही,’ असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. मग नवं यंत्र आलं. मला तिथल्या एका कामगाराने घरी नेलं, आणि माझ्या झाकणावर वर्तमानपत्रं अन् इस्त्रीचे कपडे साचू लागले. तेव्हा मी रागावलो नव्हतो. अडगळीत पडणं यंत्राच्या नशिबी असतंच.

राग आला तो नंतर.

या घरात तिघं राहतात. मला आणणारा मुलगा, त्याची बायको आणि त्याची आई. छापखान्यात चित्रं साफ करून छपाईला लावणं हेच मुलाचं काम. आईने उभा जन्म शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. मूळ, खोड, पान, बेडकाचा पाय. तिची रेघ अशी, की पट्टीने लाजावं. पण एका सकाळी दात घासताना तिची उजवी बाजू लुळी पडली. बाजू थोडी सुधारली, हात मात्र गेला तो गेलाच.

काही महिने ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मग एक दिवस तिने डाव्या हातात पेन्सिल धरली. पहिली पानं म्हणजे नुसती कोंबडीची पावलं होती. तिने ती फाडली नाहीत. हळूहळू पातेलं पातेल्यासारखं दिसू लागलं, खिडकी खिडकीसारखी. रेघ थरथरायची, अडखळायची, पण जायचं तिथे जायची.

मुलाच्या मनात आलं, ही चित्रं इंटरनेटवर टाकावीत. त्याने माझ्यावरचे कपडे उचलले आणि काच पुसली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एकेक पान माझ्या काचेवर येऊ लागलं. मी सगळं उचललं. कागदाचा पिवळेपणा, खोडरबराचा काळपटपणा आणि ती थरथरही.

मुलाने आधी पिवळेपणा काढला. ठीक. धुळीचे ठिपके काढले. तेही ठीक, ती धूळ माझीच होती. मग तो रेघांकडे वळला. वाकडी रेघ सरळ केली, तुटलेली सांधली, थरथर घोटून गुळगुळीत केली. बायकोने विचारलं, तर म्हणाला, स्कॅनर जुना आहे, रेघा फाटतात. चोराच्या उलट्या बोंबा! मला तळपाय असते, तर त्यांची आग मस्तकात गेली असती.

चित्रं गाजली. या वयात, या आजारात, इतका स्थिर हात! लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि घरात कागदांचा पसारा नको, सगळं आता कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणून मुलाने मूळ कागदांचा गठ्ठा रद्दीत दिला. आईला विचारलंही नाही.

एका दुपारी सून मोठ्या हौसेने लोकांचं कौतुक सासूबाईंना वाचून दाखवत होती. वाचता वाचता तिने फोनवर हाताचं एक चित्र मोठं करून समोर धरलं. आईने चष्मा लावला.

“हा हात कुणाचा?”

“तुमचाच ना, आई. तुम्ही काढलेला.”

आईने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. बोटं आत मुडपलेली, मनगट सुजलेलं. चित्रातल्या हाताची बोटं सरळ होती. मुलाने ती सरळ केली होती.

सुनेने फोन खाली ठेवला. तिला वाटलं होतं, नवरा फक्त स्कॅनरची चूक सुधारतोय. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा आईने मूळ कागद मागितला. रद्दीची गोष्ट तेव्हा बाहेर आली. तो गडबडला, मग चिडला. एवढं काय बिघडलं, लोक वाखाणतायत ना, असं बरंच बोलला. शेवटी आवाज उतरला.

“लोकांनी तुझी कीव करू नये, म्हणून केलं गं.”

“कीव करणारा पहिला तूच निघालास,” आई म्हणाली. “सहा महिने घासून मी ही रेघ कमावली. ती तू पुसलीस.”

मुलगा तसाच चप्पल घालून रद्दीवाल्याकडे गेला आणि रिकाम्या हाताने परतला. गठ्ठा कधीच पुढे गेला होता. जेवण झाल्यावर आईने कागद मागवला, उजवा हात टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताने तो पुन्हा काढायला घेतला. रागाने थरथर वाढली होती. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं, ते सुनेने करून दिलं.

सकाळी सुनेने ते पान माझ्या काचेवर ठेवलं. मुलगा दारात उभा होता. धूळ तेवढी काढू का, असं त्याने हळूच विचारलं. आई म्हणाली, आज धूळही राहू दे.

चित्र तसंच गेलं. खाली आईने सांगितलं ते सुनेने लिहिलं, की आधीची चित्रं दुरुस्त केलेली होती, हे चित्र खरं आहे. काहींनी फसवणूक म्हणून शिव्या दिल्या. बरेच निघून गेले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि नवा कागद मागितला.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, मी दुवा देईन. जुनं चित्र जगाला दाखवायचं असेल, तर त्यावरची धूळ खुशाल झटका. पण रेघेला हात लावण्याआधी ती काढणाऱ्याला विचारा. ते माणूस कदाचित शेजारच्याच खोलीत बसलेलं असेल.