नवसाच्या झाडावरचा रुमाल

सकाळी बिश्केकमध्ये लेनिनचा पुतळा दाखवून मी माझ्या पर्यटकाला अला-आर्चाच्या डोंगरात नेलं. तिथल्या नवसाच्या झाडावरच्या चिंध्या बघून त्यानं नाक शिंकरलेला रुमाल भक्तिभावानं फांदीला बांधला, तोही माझ्या आईच्या चिंधीला खेटून. मी रुमाल सोडू लागलो, तर झाडाखाली बसणाऱ्या जिपारआजी म्हणाल्या, “नको रे. सोडणाऱ्याच्या गळ्यात पडतं.”

“आजी, शेंबूड आहे हा.”

“असेना. मागितलंय मनापासून.”

मी चिमटीत धरून सोडलाच. “काय मागितलं होतंत?”

“सर्दी जाऊ दे म्हणून,” पर्यटक म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी शिंकत एकटाच डोंगर चढलो आणि माझा रुमाल आजींच्या हातात दिला.

“आईच्या चिंधीपासून लांब बांधा,” मी म्हणालो.