एका घरात चारच मांजरं

हा ठराव शेजारच्या कडुबानं सोसायटीत रेटून पास करून घेतला, तेव्हा मुक्ताबाईंकडं नऊ मांजरं होती. बाई भडकल्या. क्रांती चौकातल्या टायपिस्टकडून त्यांनी हरकतीचा अर्ज करून आणला, नऊही मांजरांच्या नावानिशी. बाई कोर्टापर्यंत जाणार, ही बातमी पसरली आणि ठरावाला हात वर करणारेच आपली जास्तीची मांजरं गुपचूप त्यांच्या दारात सोडू लागले. अर्ज तीनदा बदलावा लागला.

चौथ्यांदा तो बदलायला बाई टायपिस्टकडं निघाल्या, तर दारात कडुबा उभा, पिशवीत एक पिल्लू.

“आमच्या मनीला चार झाली, अक्का. तिला धरून पाच. हे एक वरचं. बबड्या नाव हाय, अर्जात घाला. आपल्याला बाबा, नियम मोडणं जमत नाय.”