वारा गेला, नाक राहिलं

आमच्या सालातिगा गावात लहानपणी कुणाला सर्दी होत नसे. अंगात वारा शिरत असे. तो मानेतून शिरतो आणि ढेकर होऊन बाहेर पडतो, एवढं वैद्यकशास्त्र बुधे पारमीला पुरत होतं. बुधे म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. मी तिच्याकडेच वाढलो.

मी आठ वर्षांचा असताना चौदा ऑगस्टला माझं नाक गळू लागलं. सतराला आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाची शर्यत होती. दोरीला टांगलेला क्रुपुक, म्हणजे तळलेला जाड पापड, हात मागे ठेवून खायचा. मागच्या वर्षी शेजारचा गुनादी जिंकला होता आणि तेव्हापासून मला ‘अर्धा पापड’ म्हणत होता.

दवाखान्यातल्या पाक, म्हणजे काका, हार्सोयोंनी माझी छाती तपासली.

“साधी सर्दी आहे. हे मिठाचं पाणी नाकात घाला, कोमट पाजत राहा, झोपू द्या. आठवडाभरात जाईल. श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली, तर मात्र लगेच आणा.”

“आणि औषध?”

“औषध नाही, बाई.”

“एवढा डोंगर उतरून आले मी. मीठ आमच्या घरी पण आहे, पाक.”

घरी येताच बाटली फडताळात गेली आणि डचांच्या काळातलं तांब्याचं नाणं बाहेर आलं. मी बुधेच्या मांडीवर पालथा. खोबरेल तेल, ठेचलेले छोटे कांदे, आणि पाठीवर नाण्याचे लाल पट्टे. घासता घासता ती शेजारणींच्या भानगडी सांगायची. दुखायचं, पण भानगड अर्धी सोडून उठवत नसे.

“बघ केवढा लाल झालायस. सगळा वारा आहे. दे ढेकर.”

मागेल तेव्हा ढेकर देणं ही माझी एकमेव कला होती. सतराच्या सकाळी मी अशी दिली की परसातल्या कोंबड्या पांगल्या.

“गेला,” बुधे म्हणाली. “जा, जिंकून ये.”

शर्यत सुरू झाली तेव्हा मला कळलं की वारा गेला असला तरी नाक तिथंच आहे. तोंडात पापड, नाक बंद. श्वास घ्यायचा तर तोंड रिकामं हवं. मी चावायचो, थांबायचो, माशासारखा आ करायचो. मग शिंक आली. माझा पापड तुटून धुळीत पडला, आणि उरलेलं सगळं गुनादीच्या पापडावर गेलं. तो ते खाऊनही जिंकला. विसाव्या तारखेला त्याचं नाक गळू लागलं.

शर्यतीच्याच संध्याकाळी बुधेनं फडताळातली बाटली काढली.

“धूळ गेलीय नाकात तुझ्या. धुवायला नको?”

सर्दीचं नाव तिनं तेव्हाही घेतलं नाही.

सर्दीच्या सातव्या दिवशी मी शाळेतून आलो, तर कपड्यांच्या दोरीवर लुगड्यांच्या मधोमध एक क्रुपुक टांगलेला. माझ्या उंचीला.

“हात मागे,” बुधे म्हणाली. “सुरू.”

मी नाकानं श्वास घेत शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. पहिला आलो. दोरी हलू नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून उभी होती.

हल्ली माझ्या नातवाला सर्दी झाली की सून मिठाचं पाणी घालते, आणि तेच बरोबर आहे. नाणं माझ्या खणात आहे. पाठ माझीही अधूनमधून भरून येते, पण शेजारणींच्या भानगडी सांगणारं घरात कुणी नाही.