हिरव्या गव्हावरून

कोणती गाडी न्यायची यावरून सकाळी सहाला तळघरात वाद चालला होता, आणि झोर्याना औषधांची पिशवी तिसऱ्यांदा उघडून तपासत होती. काही राहिलं नव्हतं.

शेताच्या पलीकडे, गावातल्या शेवटच्या घराच्या तळघरात त्यांच्याच तुकडीतला लेवको पडून होता. मांडी फाटलेली, रक्त थांबवायला पहाटेपासून आवळपट्टी बांधलेली. नऊच्या आत त्याला आणलं नाही तर पाय जाईल, आणि कदाचित लेवकोही, हे परिचारिका म्हणून तिला कळत होतं. आणायला तिलाच जायचं होतं. तिची अडीच वर्षांची ओरिस्या आजीकडे होती, चारशे किलोमीटर लांब. या वेळी ती कूस बदलून, हाताने आई चाचपून, पुन्हा झोपत असेल.

"माझी न्या," नेस्टर म्हणाला. तो साखळीवर चालणाऱ्या चिलखती गाडीचा चालक, तोंडाने जरा फटकळ. "मार्च आहे. काळी माती सुटलीय. काकांची आठ चाकं मध्यावर पोटापर्यंत बसतील, मग काका खाली उतरून ढकलणार का?"

"तुझी न्या आणि वाजतगाजत जा," तिमिश म्हणाला. आठ चाकांची गाडी त्याची. युद्धाआधी तीस वर्षं तो ट्रॅक्टर चालवत होता. "तुझं धूड सुरू झालं की पुढच्या गावातली कुत्री भुंकतात. ड्रोनवाल्याला शोधायचे कष्टही नकोत. आणि साखळी तुटली की तिथेच बैठक. माझी दोन चाकं गेली तरी सहांवर घरी येते."

"पत्रा तर बिस्किटाच्या डब्याचा तुमचा."

"म्हणून तर पळते, बाळा."

तुकडीप्रमुख बाहेर गेला आणि टाच जमिनीवर आपटून आला. "माती रात्रीत गोठून दगड झालीय. थंडी आहे तोवर, म्हणजे आठपर्यंत टिकेल. चाकांची गाडी जाईल."

निघण्यापूर्वी तिमिशने सगळ्यांना बसवलं. वाटेला लागताना मिनिटभर गप्प बसायचं, ही त्याच्या घरची रीत, इथल्या सगळ्यांच्याच घरची. झोर्याना खोक्यावर टेकली. त्या मिनिटात तिला ओरिस्याचा चेहरा आठवायचा होता. आठवला तो फक्त तिचा एक मोजा, टाचेवर विरलेला.

जाताना काहीच झालं नाही. नांगरलेल्या पट्ट्यातून गाडी गोठलेल्या ढेकळांवर खडखडत पलीकडे पोहोचली. पण तळघराच्या दारावर भिंत कोसळलेली. तिमिश आणि आतला एक शिपाई विटा उपसत राहिले, ती फटीतून लेवकोशी बोलत राहिली. तो सुरुवातीला उत्तर द्यायचा, नंतर नुसतं हुंकारायचा. त्याला गाडीत आडवं केलं तेव्हा साडेआठ झाले होते आणि ऊन पडलं होतं.

शेतातून वाफ निघत होती.

तिमिश आपल्याच चाकोरीवरून निघाला. चाकांचा आवाज बदलला. खडखड थांबून आता चपचप ऐकू येत होती. झोर्यानाने फटीतून पाहिलं. उजवीकडे वीतभर हिरवं, दाट काहीतरी उगवलेलं होतं, वर पाणीही साचलेलं नव्हतं.

"काका, तिकडून का नाही?"

त्याने चाकं सरळच ठेवली. गाडी खचली, गुरगुरली, एका अंगाला कलली आणि थांबली. चाकं जागच्या जागी फिरत होती.

मग वरून ड्रोनचा आवाज आला. आधी माशीसारखा, मग शिवणयंत्रासारखा.

वायरलेसवर नेस्टर होता. "काका, बसलात ना? मी निघतो ओढायला."

"नको," झोर्याना म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तुझ्या आवाजाने आणखी चार येतील. तिथेच थांब." आणि तिमिशकडे वळली. "काका, तिकडची जमीन घट्ट दिसतेय. सुरुंग आहेत का तिथे?"

"नाहीत. शरदात पेरणीयंत्र फिरलंय त्यावरून."

"मग?"

"गहू आहे तो, पोरी," तो हळूच म्हणाला. "मुळांनी माती धरून ठेवलीय, कळतं मला. सकाळपासून कळतंय. हात वळत नाही. हिरव्या गव्हात चाक घातलं म्हणून बापाने मला एकदा पट्ट्याने फोडून काढलं होतं."

लेवकोचा हात तिच्या हातात होता, थंड आणि ओला. डोक्यावरचा आवाज फिरून जवळ आला.

"मला घरी लेक आहे, काका," ती म्हणाली. रागावून नाही. जेवायला वाढलंय, असं सांगावं तसं.

तिमिशने खालची कळ ओढली. आठही चाकांतली हवा सुस्कारत निघाली, रबर पसरलं, चिखलावर पकड बसली. गाडी इंचभर मागे, दोन इंच मागे, आणि एका हिसक्याने उजवीकडे चढली. खाली एकदम घट्ट, सलग जमीन लागली. तिमिश काहीतरी पुटपुटत होता, कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा, आणि गाडी पळत होती.

मागे स्फोट झाला. झोर्याना लेवकोवर पालथी पडली. कान बंद. ती मनात मोजत होती: मी आहे, हा आहे, काका आहेत का? गाडी लंगडत होती, पण पळत होती.

आपल्या बाजूच्या झाडीत पोहोचल्यावर लेवकोला दुसऱ्यांनी उचलून नेलं. तो शुद्धीवर होता, शिव्या देत होता. नेस्टर गाडीभोवती फिरला.

"आठातली सहा शाबूत," तो म्हणाला. "जिंकलात, काका."

तिमिश हसला नाही. वाकून तो चाकांच्या खाचांतून हिरवे कोंब एकेक करून काढत होता.

"उठेल का तो गहू?" झोर्यानाने विचारलं.

"मार्चात तुडवलेला उठतो. पुन्हा कुणी तुडवला नाही तर."

आत वायरलेस बोलत होता. ठाणं सांभाळायला त्याच घरात मागे राहिलेला शिपाई उद्या आणायचा होता. उद्या पहाटे थंडी नसणार होती, पाऊस असणार होता. कोणती गाडी, ते सकाळी ठरेल.

तिमिश पायरीवर टेकला. झोर्याना त्याच्या शेजारी बसली, आणि दोघं मिनिटभर तशीच बसून राहिली, वाटेला लागण्यापूर्वी बसतात तशी.