इंदिराबाईंचा खरा पगार

“खरा पगार? मग मला मिळतो तो काय खोटा?” खिरीतली पळी तशीच थांबवून इंदिराबाईंनी विचारलं.

मयुरेशला हसू आवरेना. देवासच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा हा भाचा सुट्टीला धारला आला की आत्याच्या चुलीशी हमखास सापडायचा.

“नाही ग आत्या. नोटा मिळतात तो नुसता पगार. त्यांत सामान किती येतं, वो असली. हर साल वाढतो ना तुझा?”

“वाढतो की. अण्णा न मागता वाढवतात.”

“आणि तूप?”

“तूप मेलं त्याच्याही पुढं पळतं!”

“बस, तेच. पगार वाढला, खरा पगार घटला.”

देवळात नैवेद्य रांधायला लागल्या तेव्हा घरखर्च भागून वर्षाकाठी एक चांगलं लुगडं व्हायचं. आता महिनाअखेरीला वरणात पाणी वाढत होतं. आपलाच हात सैल, असं म्हणून इतकी वर्षं त्या स्वतःला बोल लावत आल्या होत्या. आज त्यांना एकदम हलकं वाटलं.

मग मात्र एक जुनी गोष्ट टोचू लागली. देवळाची व्यवस्था बघणारे अण्णा झाडलोट करणाऱ्या जमुनाबाईला थोडी रोख आणि बाकी शिधा देत. तांदूळ, डाळ, गहू, तूप, दरमहा तेवढंच. इंदिराबाईंनाही त्यांनी तोच देऊ केला होता. यजमान नुकतेच गेलेले. “शिधा दानाचा असतो, अण्णा. मी काम करते. पगार द्या,” असं त्या ताठ मानेनं म्हणाल्या होत्या.

“म्हणजे महागाईनं जमुनाच्या तांदळाला हातसुद्धा लावला नाही?” हे सगळं सांगून त्यांनी मयुरेशला विचारलं.

“नाही ना. तू भी माग शिधा.”

“मागीन रे. पण तो शब्द घशाखाली उतरत नाही.”

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर त्या अण्णांपुढे उभ्या राहिल्या.

“अण्णा, यंदा पगारवाढ नको. निम्मा पगार धान्यानं द्या, जमुनाला देता तसा. फक्त त्याला शिधा म्हणू नका.”

अण्णांनी चष्मा वर सारला. “मग काय म्हणू, बाई?”

“पगार.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

पहिल्या तारखेला दोघी कोठीच्या दाराशी उभ्या होत्या. शिध्याचं पहिलं माप पदरात घ्यायचं, हा तिथला रिवाज. जमुनाबाईनं पदर पसरला. इंदिराबाईंनी घरून घासून आणलेला डबा पुढे केला.

“शालिग्राम,” अण्णांनी कोठीवाल्याला हाक मारली, “बाईंचा पगार मापून दे.”

जमुनाबाईनं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे.

“मग मेरा भी पगारच बोला, अण्णा,” ती म्हणाली, आणि पसरलेला पदर कमरेला खोचून डबा आणायला घरी निघाली.