बोल्ग्योवालीचं नाव

साक्षरता वर्गाची सहल म्हणून बाईंनी आम्हाला बागेतल्या नव्या कलासंग्रहालयात नेलं. कमळाच्या तळ्याकाठी आधी डबे खाल्ले, मग आत गेलो. "नुसतं बघू नका, पाट्या वाचा," असं बाईंनी बजावलं होतं.

दुसऱ्या दालनात कापडं टांगली होती. हिंदुस्थानातली एक गोधडी, आणि तिच्या शेजारी आमच्याकडे सणाच्या ताटावर घालतात तसा, तुकडे जोडून शिवलेला रुमाल. मी जागीच थांबले. मधले डाळिंबी तुकडे माझ्या लग्नातल्या घागऱ्याचे होते.

लग्नाला आठ दिवस झाले होते. इस्त्रीतला निखारा पडून तो घागरा करपला आणि मी रडत बसले. थोरल्या जाऊबाईंनी काही न बोलता जळका भाग कापला आणि उरलेल्या कापडाचा हा रुमाल शिवला. सासूबाईंना म्हणाल्या, "मला रंग आवडला, मीच मागून घेतला." बोलणी त्यांनीच खाल्ली. पुढे गाव सोडताना हा रुमाल ठेवलेली पेटीच आम्ही कुणाला तरी देऊन टाकली होती.

मी पाटी वाचली. 'शिवणारी: अज्ञात.'

"अज्ञात कसली!" मी ओरडलेच.

"मग सांग ना नाव," माझ्या वर्गातली पिल-ये म्हणाली. "हा काय मासळीबाजार आहे?"

आमच्यात सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. त्या बोल्ग्योवाली, मी कांगजिनवाली. साठ वर्षांत मी त्यांचं नाव कधी विचारलंच नव्हतं.

आवाज ऐकून तिथल्या अधिकारी बाई आल्या. "आजी, हा तोच कशावरून?"

"मागून डावा कोपरा बघा. एक करपलेली कड आत दुमडली आहे."

त्यांनी संग्रहालयाच्या नोंदींतला मागच्या बाजूचा फोटो काढून पाहिला. "आहे की! या कागदावर नाव लिहून द्या, पाटी बदलू."

मी जाऊबाईंना फोन लावला. नव्वदी उलटली आहे, पण कान शाबूत आहेत.

"जाऊबाई, तुमचं नाव काय हो?"

"कोण, कांगजिनवाली? भरदुपारी दारू प्यायलीस का गं?"

मी सगळं सांगितलं.

"सोपसोबी," त्या हळूच म्हणाल्या. म्हणजे नकोशीच. "चौथी मुलगी झाली म्हणून बाबांनी ठेवलं. ते भिंतीवर लावू नकोस. लोक हसतील."

"कुणी हसत नाही. दोन बाया मघापासून तुमचे टाके बघतायत. एकीनं तर काचेला नाक लावलंय."

"टाके बघतायत?"

"हो."

"तिसऱ्या ओळीत एक वाकडा गेलाय. दिसतो का?"

"नाही दिसत."

"मग लिही. अक्षर नीट काढ, मला लाज आणू नकोस."

'मा सोपसोबी.' मा हे त्यांचं माहेरचं आडनाव. एकदा खोडून पुन्हा लिहिलं. खाली माहिती देणाऱ्याच्या नावाची जागा होती. तिथे मी लिहिलं, 'धाकटी जाऊ.'

पिल-ये खांद्यावरून डोकावली. "अगं बये, तू पण तेच करतेस?"

मी पुन्हा खोडरबर मागितला.