ऑस्ट्रेलियाची फिल्म आणि सदाकाकांची पाठ

नागावच्या किशोरीला सिनेमाचं वेड होतं आणि गावाला तिच्या वेडाचा वीट आला होता. नारळाच्या वाडीतलं होमस्टे सांभाळून ती दर शनिवारी क्रीडा मंडळाच्या हॉलमध्ये कुठले कुठले स्वतंत्र सिनेमे दाखवायची. त्यांत नाच नाही, मारामारी नाही, शेवट तर बहुधा नाहीच. मध्यंतरात उठलेला प्रेक्षक परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. अखेर मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या सदाकाकांनी, चारचौघांत सुनावलं, "या शनवारी मानसं शेवटपर्यंत बसली तर हॉल तुझा. न्हाय तर सोमवारपासून जिम!"

आणि नेमके या शनिवारी होते ऑस्ट्रेलियातल्या कलाकारांचे प्रायोगिक व्हिडिओ. दुसरी कुणी असती तर गुपचूप एखादा हाणामारीचा पिक्चर लावून मोकळी झाली असती. पण किशोरी पडली हट्टी. व्हिडिओ पाठवणाऱ्या मेलबर्नच्या बाईंना शब्द दिलाय, म्हणाली.

पहिल्या व्हिडिओत एक माणूस समुद्रकिनारी ओल्या चादरीची घडी घालत होता. घातली, मोडली, पुन्हा घातली.

"याची बायको कुठं हाय?" नलूआत्याने मोठ्याने विचारलं.

दुसऱ्यात एक फ्रिज होता. तो घरघरत होता, बस्स. हॉल निम्मा रिकामा झाला. पहिल्या रांगेत सदाकाका मात्र मांडी हलवत मजेत बसले होते, जिमची आरशांची भिंत त्यांना डोळ्यांसमोर दिसत असणार.

तिसरी कलाकृती मेलबर्नच्या बाईंची. ती फिल्म नव्हतीच. कॅमेरा प्रेक्षकांवर लावायचा आणि त्यांचंच चित्र, आवाजासकट, अर्ध्या मिनिटाने मागाहून पडद्यावर दाखवायचं, एवढीच बाईंची सूचना. हे काम विनेशकडे होतं. विनेश पंचक्रोशीतल्या लग्नांच्या हळदींचं शूटिंग करायचा. त्याच सवयीने त्याने माईक मानाच्या माणसापुढे, म्हणजे सदाकाकांच्या पायाशी ठेवला.

पडदा उजळला आणि नलूआत्या किंचाळली, "अगो, यो तर हळदीचा व्हिडिओ!"

आता हळदीच्या व्हिडिओत ज्याचं तोंड आलं नाही तो माणूस या भागात वर्षभर रुसतो, हे विनेशपेक्षा जास्त कुणी भोगलंय? बघता बघता फोन गेले. उठून गेलेले धावत परत आले. नलूआत्या घरी जाऊन साडी बदलून, गजरा माळून आली. "विनेश, माझं तोंड न्हाय आलं!" अशी चहूकडून ओरड सुरू झाली. माणसं हात हलवायची, मग दम धरून बसायची आणि आपलाच हात पडद्यावर हलला की टाळ्या पिटायची.

सदाकाकांची मांडी थांबली. आपण उठलो की बाकीचे उठतील, असा हिशेब करून ते पँट वर ओढत दाराकडे निघाले. दारात बाहेरच्या दोघांशी जिमच्या गोष्टी काढतायत तोच आत हशा फुटला. वळून बघतात तर पडद्यावर त्यांची भलीथोरली पाठ, घामाने चिकटलेला शर्ट आणि पँट वर ओढणारे दोन हात. काका तसेच परत फिरले. मग अर्ध्या मिनिटाने त्यांचं परत येणंही सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर उठायची कुणाची छाती होईना. जेवायची वेळ टळली. काकांनी केस विंचरले, भुकेने तळमळले, शेवटी शेजारी बसलेल्या किशोरीच्या कानाशी वाकले.

"बाय, ही संपते कधी?"

"संपत न्हाय, काका. हिला शेवटच न्हाय."

काकांनी एकवार पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बरं. हॉल तुझा, दर शनवारी. पन आता बंद कर, आनि कोनाला बोलू नको. जिमवाल्याला मी शब्द दिलाय. उद्या बघू काय ते."

त्या 'उद्या बघू'ला किशोरी लहानपणापासून ओळखून होती. आनंद अर्ध्यातच विरला आणि तिला रडूच यायला लागलं. बटण बंद करायला ती उठली. इतक्यात तिची नजर काकांच्या पायाशी ठेवलेल्या माईककडे गेली. ती पुन्हा खाली बसली.

पडद्यावरचे सदाकाका वाकले आणि सगळ्या हॉलभर त्यांचा आवाज घुमला, "बरं. हॉल तुझा, दर शनवारी."

नलूआत्याने पहिली टाळी वाजवली आणि मग छप्पर उडेल असा गलका झाला. खुर्चीतल्या सदाकाकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तेही पडद्यावर यायचं बाकी होतं, म्हणून कुणीच जागचं हललं नाही.